हूक जमिनीला

चोर म्हणायचं तर निदान तोंडावर म्हणावं. या गेमच्या कंपनीवाल्यांना तेवढीही लाज नव्हती. रविवारी सकाळी अप्पा चष्मा पुसून कंप्युटरसमोर बसले आणि पाहतात तर खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव लाल अक्षरांत, आणि पुढे एकच शब्द: फसवणूक.

अप्पा बंदरावरचे क्रेनवाले. एकतीस वर्षं त्या उंच केबिनमध्ये बसले, पण हातून कधी खोकं निसटलं नाही. डोळे अधू झाले तेव्हा साहेबांनी वेळेआधीच घरी बसवलं, आणि माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायला लागला. मग कुणीतरी या गेमबद्दल सांगितलं. यातही बंदर, क्रेन, कंटेनर उचलून जहाजावर ठेवायचे. वर चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणजे डोळ्यांचीही अडचण नाही. बंदरावरचे आठ जुने सोबती आपापल्या घरून दर रविवारी त्यात उतरायचे, त्यांचा म्हातारा मुकादमसुद्धा. अप्पा पुन्हा दाढी करायला लागले ते या रविवारांमुळे.

आता यात फसवणूक कुठली? घरातला कंप्युटर जुना, त्याला नवीन विंडोज झेपेना. लेकीने त्यावर लिनक्स टाकलं. लेक शिलाई मशीन दुरुस्त करते. बंद पडलेली वस्तू समोर आली की तिला चैन पडत नाही. गेम विंडोजसाठी बनवलेला, म्हणून तिने मध्ये एक प्रोग्रॅम बसवला. अप्पांना सांगितलं, हा दुभाषा समजा. गेम विंडोजच्या बोलीत काही मागतो, हा ते लिनक्सकडून आणून देतो. दुभाषाही सुरुवातीला धड नव्हता. आधी पडदा काळा, मग नुसता आवाज, मग हूक उलटाच चालायला लागला. लेकीच्या नाकी नऊ आले, पण तिसऱ्या सुट्टीत क्रेन अशी सरळ उभी राहिली की अप्पांनी तिची पाठ थोपटली.

आणि मग कंपनीने गेममध्ये पहारेकरी बसवला, तोही प्रोग्रॅमच, लबाडी करणाऱ्यांना पकडायला. त्या दीडशहाण्याने दुभाषा पाहिला आणि थेट अप्पांना कॉलर धरून गेमबाहेर काढलं. विचारणं नाही, पुसणं नाही.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कंपनीला चार पत्रं लिहिली, दुभाषा काय करतो ते शिवण उसवून दाखवावी तसं सांगितलं. चारही वेळा तेच उत्तर आलं, की आमची तपासणी चुकत नाही. अहो, मग माणसं कशाला ठेवलीत तिथे? इकडे अप्पांचं जेवण अर्ध्यावर आलं. मुकादमाचा फोन यायचा आणि वाजून वाजून बंद पडायचा, अप्पा उचलायचेच नाहीत. लाल नाव आठही जणांनी पाहिलं होतं, आता काय तोंडाने बोलायचं?

पाचव्या वेळी कंपनीने एक फॉर्म पाठवला. त्यात एक चौकोन होता: बेकायदा साधन वापरल्याचं मला मान्य आहे. तिथे खूण करा, नाव पूर्ववत होईल. लेकीने दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, ती खूण करून टाकली. एका खुणेने काय होतंय, असं तिला वाटलं. अप्पांना विचारलंही नाही.

रविवारी नाव काळ्या अक्षरांत आलं. अप्पा खुलले. सोबत्यांचे हूक हलत होतेच, यांनी पहिला कंटेनर असा अलगद ठेवला की लेक बघतच राहिली. मग त्यांनी यादी मोठी करून पाहिली. नावापुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कबुलीनंतर माफी.

अप्पांनी हूक हळूहळू खाली आणला, जमिनीला टेकवला आणि खुर्चीतून उठले.

लेकीने तो टेकलेला हूक ओळखला. ती शाळेत असताना एकदा दोर तुटून माल फुटला होता आणि साहेबांनी खापर अप्पांवर फोडलं होतं. सही करा, पगार कापून विषय मिटवतो, म्हणाले. क्रेनवाल्यांची तिथली रीत होती: खोटा आळ आला की हूक जमिनीला टेकवायचा आणि खाली उतरून उभं राहायचं. अप्पा दोन दिवस उन्हात उभे राहिले होते. शेवटी दोर कुजका निघाला आणि साहेब स्वतः चालत आले.

"खूण मी केली, अप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला नुसतं बसलेलं बघवेना."

"कुजक्या दोराच्या वेळी घरात पीठ नव्हतं," अप्पा म्हणाले. "तेव्हा नाही दिली मी सही. आणि आज खेळायला मिळावं म्हणून देऊ?"

लेकीला आधी राग आला, त्यांचाच. मरमर मरून सगळं करायचं आणि वर हे ऐकायचं. मग तिची नजर पडद्यावरच्या त्या टेकलेल्या हुकाकडे गेली, आणि राग जिथे जायला हवा तिथे गेला. ती तिथेच बसली आणि कंपनीला लिहिलं: माझ्या वडिलांनी काहीही कबूल केलेलं नाही. या सगळ्या प्रकारात खोटं एकदाच बोललं गेलं, त्या चौकोनात, आणि ते मी बोलले. ती कबुली परत घेत आहे.

उत्तर दहा मिनिटांत आलं. त्यासाठी बरी माणसं होती त्यांच्याकडे. अप्पांचं नाव पुन्हा लाल झालं, या वेळी कायमचं.

अप्पांनी खुर्ची पुढे ओढून ते नीट वाचलं.

"हां," ते म्हणाले. "आता खोटं त्यांचं आहे."

मग त्यांनी फोन उचलला आणि स्वतःहून मुकादमाचा नंबर लावला.