सतरा बरण्या आणि एक

“लाव ना वो चकती. खिळा चावते काय तुले?”

मागून चांदबीचा आवाज आला, तरी झुंबरबाईचा हात फळीपुढे तसाच थांबला होता. कारखान्याच्या दारातल्या त्या फळीवर साठ खिळे होते. प्रत्येक बाईचा एक खिळा आणि त्यावर टांगायची तिच्या नंबराची पितळी चकती. झुंबरबाईचा नंबर एकोणीस. चकती सुलट म्हणजे बाई कामावर. बाईला शिवायचं नसलं, की शेजारीण तिची चकती घेऊन यायची आणि नंबर भिंतीकडे करून उलटी टांगायची. मग चार दिवस तिला कोणी काही विचारत नसे. मालक भगवानराव यांच्या वडिलांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी नांदुऱ्याला हा लोणच्याचा कारखाना काढला, तेव्हाच ही फळी ठोकली होती. कोणत्याही बाईला तोंडाने काही सांगावं लागू नये, एवढा विचार त्यांनी केला होता.

झुंबरबाईने चकती सुलट टांगली आणि ती आत गेली.

तिला ते पहाटे कळलं होतं. अडीच महिने काही नव्हतं. त्रेचाळिसावं वर्ष चालू होतं. आता संपलं असेल, असं तिने धरूनही टाकलं होतं. आणि नेमकं आज, कारखान्याने लावलेल्या वर्गाच्या सातव्या दिवशी.

हात धुण्याच्या दगडापाशी चांदबीने तिला गाठलं. चांदबी डब्यांना लेबलं चिकटवायची. तिच्या बोटांना कायम खळीचा वास असे.

“तोंड पाह्य तुह्यं. हात दुखते काय?”

“हात नाही.”

चांदबीने तिच्याकडे पाहिलं, मग दाराच्या फळीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“या अल्ला. अन् तू सुलटी लावून आली?”

“हळू बोल ना माय. आज नाही आली तं वर्ग गेला. वर्ग गेला तं मुकादमी गेली.”

“मंग भेते काऊन? आमच्यात नमाज माफ राह्यते, रोजा माफ राह्यते. काम कोनी माफ करत नाही.”

“तुह्यं बरं हाय. तू लेबलं लावते. माह्या हातानं लोणचं नासलं तं?”

“हाव, लेबल कोनाचा विटाळ मानत नाही. त्याले फक्त खळ पाह्यजे.” चांदबी हसली, पण झुंबरबाईला हसू आलं नाही. तेव्हा तिने आपला ओला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ती निघून गेली.

वर्गाचं कारण मागच्या साली घडलं होतं. पलटणीला पाठवलेल्या लोणच्याच्या डब्यांपैकी पुष्कळसे फुगून परत आले. भगवानरावांनी नागपूरहून शालिग्राम नावाचा बी. एस्सी. झालेला तेवीस वर्षांचा तरुण आणला. बाया त्याला मास्तर म्हणायच्या. त्याने साठ जणींतून बारा निवडल्या आणि बारा दिवसांचा वर्ग लावला. मीठ मुठीने नव्हे, तराजूने. बरण्या उकळत्या पाण्याने धुवायच्या. एकही दिवस गैरहजेरी चालणार नाही. सातव्या दिवशी प्रत्येकीने एकटीने दहा शेरी अठरा बरण्या भरायच्या, वर आपला नंबर लावायचा. बाराव्या दिवशी त्या उघडायच्या. जिच्या बरण्या सर्वांत चांगल्या, ती मुकादमीण. जुनी मुकादमीण अंबूबाई दिवाळीनंतर लेकीकडे मेहकरला जाणार होती.

मुकादमिणीला कैऱ्या फोडाव्या लागत नाहीत. झुंबरबाईच्या दृष्टीने सगळं एवढ्यावर येऊन थांबलं होतं. जळगाव जामोदकडून सातपुड्याच्या पायथ्याच्या कैऱ्यांच्या गाड्या यायच्या आणि बावीस वर्षं तिने त्या अडकित्त्याने फोडल्या होत्या. कोय टणक असली, की सगळा जोर मनगटावर येतो. मागच्या मोसमापासून तिचा उजवा अंगठा मध्येच अडकायचा आणि भरलेला तांब्या उचलताना बोटं आपोआप सुटायची. ती अडकित्ता डाव्या हाताने दाबायची, उजवा हात नुसता वर ठेवायची. हे चांदबीशिवाय अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अजून एक मोसम असा निघाला असता, दुसरा नाही. आणि फोडता न येणाऱ्या बाईला कारखान्यात ठेवत नसत.

“बरण्या पालथ्या घालून अर्धा तास झाला,” मास्तर खिशातलं घड्याळ बघत म्हणाला. “गरम बरणी आपोआप सुकते. मी मोजून पाहिलं आहे. भरायला घ्या.”

त्याने मोजलं होतं ते कडक उन्हाच्या दिवशी. आज सकाळपासून आभाळ आलं होतं. वारा पडला होता आणि चोळी पाठीला चिकटत होती. अंबूबाई पुटपुटली, “दोन दिवस उन देत होतो आम्ही,” पण मास्तरने ऐकलं नाही. बायांनी आपली जुनी सवय सोडली नाही. झुंबरबाई सोडून प्रत्येकीने बरणीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, ओल वाटली तिथे कोरड्या फडक्याने पुसलं.

या कामात झुंबरबाईचा हात सगळ्यांत तयार होता. इतर बाया तळवा लावायच्या. ती हात उलटा करून बोटांची वरची बाजू लावायची. तळव्याची कातडी कामाने जाड होते, वरची होत नाही. दुसरीने कोरडी म्हटलेली बरणी झुंबरबाईने परत उन्हात ठेवायला लावली, असं कितीदा तरी झालं होतं.

आज तिने दोन्ही हात बरण्यांपासून दूर ठेवले. बाहेरून फडक्यात धरून बरणी चुंबळीवर ठेवायची, आत न शिवता लांब पळीने फोडी सोडायच्या, वरून तेल. शेजारी बसलेल्या वच्छलाबाईने एकदा वळून पाहिलं.

“पळी काऊन वो आज? मास्तरीन झाली काय आत्ताच?”

“मास्तर म्हनते ना, स्वच्छ राहा.”

“आमचे हात काय घान हायेत?” वच्छलाबाई म्हणाली, पण तिच्याही अठरा बरण्या व्हायच्या होत्या. ती आपल्या कामाला लागली.

अकराव्या बरणीच्या काठाचा टवका उडालेला होता. ती चुंबळीवरून कलली. बाहेरून धरायला उजव्या हाताची बोटं वळलीच नाहीत, म्हणून झुंबरबाईने हात सरळ आत घालून ती आतून तोलली. बरणी सावरली. हात मात्र कोपरापर्यंत आत होता, आणि बावीस वर्षांच्या सवयीने तो आपोआप उलटा झाला. बोटांना गार लागलं. बुडाशी ओल होती.

तिने बरणी फडक्याने तीनदा पुसली. मग आपण काय केलं, हे तिच्या लक्षात आलं. ही बरणी आता विटाळली होती. आणि ही ओली होती, म्हणजे बाकीच्याही असणार. पाहायचं तर हात घालायला हवा. भरलेल्या दहा आणि भरायच्या सात बरण्यांकडे तिने आळीपाळीने पाहिलं. ओल ही लहान गोष्ट, असं तिने मनाशी ठरवलं. दुसरी मोठी. तिने पळी उचलली.

पुढचे पाच दिवस ती एका जागी बसली नाही. वर्गात मास्तर बुरशीबद्दल सांगायचा, तेव्हा ती पदराचं टोक पिळत राहायची. कोठीच्या दारावरून जाताना नाक वर करून वास घ्यायची. घरीही तिने कोणाला कळू दिलं नव्हतं; भाकर तव्यावर टाकून अंगणात यायची आणि भाकर करपायची. दोनदा तिने अंबूबाईला विचारलं, “बरन्या पाह्यल्या काय?” दुसऱ्यांदा अंबूबाई वैतागली. “आंडी उबवून राह्यली काय तू? बाराव्या दिवशी पाह्यजो.” झुंबरबाईने लांबूनच देवाला हात जोडले ते एवढ्याचसाठी, की नासायचीच असली तर ती एकच नासू दे, टवक्याची.

बाराव्या दिवशी मास्तरने कोठीत बरण्या ओळीने मांडल्या आणि एकेकीच्या तोंडावर बांधलेली फडक्याची दादरी सोडत गेला. वही पुढे होती. इतर अकरा जणींच्या एकशे अठ्ठ्याण्णव बरण्यांपैकी नऊ बिघडल्या होत्या. वच्छलाबाईची एकही नाही. एकोणीस नंबरच्या अठरांपैकी सतरा बरण्यांवर पांढरी साय धरली होती.

अठरावी चांगली होती. तेल स्वच्छ, फोडी घट्ट. तिच्या काठाचा टवका उडालेला होता.

मास्तर उकिडवा बसून दोन्हीकडे बघत राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच झुंबरबाईला जड गेलं.

“मीठ तेच, तेल तेच, कैरी एकाच गाडीतली. मग झुंबरबाई, तुमच्याच कशा? आणि ही एक कशी चांगली?”

मागे कुजबुज सुरू झाली. झुंबरबाई त्या एका बरणीकडे पाहत होती. पाच दिवस जिची भीती वाटली ती समोर शाबूत होती, आणि जपलेल्या सगळ्या गेल्या होत्या. माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तेवढं म्हटलं असतं तर मुकादमी गेली असती, बाकी काही नाही. पण मास्तरने वहीत अर्धा तास लिहून ठेवला होता. तो वर्षानुवर्षं तसाच चालला असता.

“बरन्या ओल्या होत्या, मास्तर,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात सुकल्या नव्हत्या.”

“मग तुम्हाला कळलं कसं नाही? ओल ओळखण्यात तुमचा हात पहिला, असं अंबूबाई सांगतात.”

“हात घातलाच नाही मी. ह्या एकीत घातला. म्हनून ही पुसली.”

“बाकीच्यांत का नाही घातला?”

झुंबरबाईने मान खाली घातली नाही. शेवटी अंबूबाई पुढे झाली.

“मास्तर, तुम्ही जरा बाहीर जा.”

“पण कारण कळल्याशिवाय—” तो थांबला. मग त्याचे कान लाल झाले. वही तिथेच विसरून तो बाहेर गेला.

“अन् चकती सुलटी लावून बसली!” वच्छलाबाई म्हणाली. “बारा जनींचं लोनचं नासवून टाकलं असतं हिनं. म्हनूनच नासल्या वो!”

“ज्यात हात घातला, तेच चांगली हाय,” झुंबरबाई म्हणाली. “पाह्य ना.”

कोणी पाहिलं नाही.

मास्तर त्याच दुपारी भगवानरावांकडे गेला. चूक माझी आहे, म्हणाला. आभाळाच्या दिवशी अर्धा तास पुरत नाही, हे मी तपासलं नव्हतं. भगवानरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ते सुधारा,” ते म्हणाले. “पण मुकादमीण म्हणून ती नको. आमच्या लेबलावर विश्वास ठेवून लोक लोणचं ताटात घेतात. तुम्ही बरण्यांचं पाहा मास्तर, बायांचं अंबूबाई पाहतील.” मास्तर नमस्कार करून बाहेर आला.

अठराही बरण्यांतलं लोणचं मागच्या खड्ड्यात ओतलं गेलं. टवक्याच्या बरणीतलंसुद्धा.

झुंबरबाईला काढलं नाही. तिला लोणच्यापासून दूर, विहिरीजवळच्या ओट्यावर बरण्या धुवायला बसवलं. शिक्षाच होती ती. पण तिथे अडकित्ता नव्हता. मास्तरने पुढच्या वर्गासाठी धडे छापून घेतले. सातव्या धड्यात एक वाक्य वाढलं होतं: बरणीत हात उलटा करून कोपरापर्यंत घालावा व ओल पाहावी. चांदबीने ते कागद भिंतीला चिकटवताना एका कारकुनाकडून ते वाक्य वाचून घेतलं आणि ओट्यावर येऊन ती म्हणाली, “तुह्यं नाव कुठी हाय याच्यात?”

“बरनीले नाव लागत नाही,” झुंबरबाई म्हणाली.

कारखान्याची प्रत्येक बरणी आता आधी तिच्या हातातून जायची. न शिवायचे दिवस तिला नंतर फक्त एकदाच आले. तेव्हाही एकोणीस नंबरची चकती सुलटच होती. त्या सालात एकही डबा फुगून परत आला नाही.

पौषात लिंबाचा मोसम आला आणि बारा नव्या बायांचा वर्ग बसला. शिकवायला मुकादमीण वच्छलाबाई. पहिली बरणी मुकादमिणीने स्वतः भरून दाखवायची, असं मास्तरने ठरवून दिलं होतं. झुंबरबाई धुतलेल्या बरण्या घेऊन आली आणि चुंबळींवर ठेवू लागली. वच्छलाबाईने पहिली बरणी पुढे ओढली. बाहेरून, फडक्यात धरून. दुसऱ्या हातात लांब पळी होती.

झुंबरबाईने पळीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. वच्छलाबाईच्या कपाळावर थंडीतही घाम होता. दोघींची नजर भेटली आणि वच्छलाबाईने ती खाली वळवली. नव्या बाया वाट पाहत होत्या.

चुंबळ नीट करण्याच्या निमित्ताने झुंबरबाई वाकली.

“हात घाल,” ती तिच्यापुरतंच बोलली. “पळी ठेव.”

वच्छलाबाईने पळी खाली ठेवली, बांगड्या वर सारल्या आणि हात उलटा करून कोपरापर्यंत बरणीत घातला.

“कोरडी हाय,” ती वर्गाला म्हणाली.

झुंबरबाईने पुढची बरणी तिच्यासमोर ठेवली.