इद्वलचा हुइल

वेल्समधल्या बेथेस्दा गावच्या चॅपेलमागची खोली ओलसर, पण तिथे गाड्यांचा आवाज येत नसे, म्हणून इद्वल आणि मेरेरिद आपला पॉडकास्ट तिथेच करत. लोक अर्ध्यावर टाकून देतात अशा अवघड कादंबऱ्या ही दोघं निवृत्त शिक्षक मंडळी शेवटपर्यंत वाचत आणि त्यांवर भांडत.

त्या दुपारचा भाग इद्वलच्या आवाजातला शेवटचा होता. घशाच्या कर्करोगापायी उद्या त्याचं स्वरयंत्र काढणार होते. त्याच्या लेकीला दिवस गेले होते. आजवरच्या भागांत आपण नुसते भांडलोच. नातवंडाला एक पान तरी आपल्या तोंडून नीट ऐकू यावं, एवढीच त्याची इच्छा.

"धरणात बुडालेलं गाव," मेरेरिद माइकमध्ये म्हणाली, "आणि एक बाई घरांना नावानं हाका मारत फिरते. चाळीस पानं, पण पूर्णविराम नाही. मला वाटलं, छापणाराच विसरला."

"तू तरी बोलताना कुठे देतेस?"

"घ्या! उद्या ऑपरेशन, आणि जीभ बघा मेल्याची!"

तो हसला, आणि हसताहसता खोकला. पाणी प्यायला. पुस्तक जवळ ओढून कसाबसा एकच शब्द बोलला, "हुइल."

वेल्श माणसं निरोप घेताना 'हुइल' म्हणतात. मेरेरिदला वाटलं, दमला बिचारा. तीही "हुइल" म्हणाली, बटण दाबलं आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागली.

पण जुने उपदेशक बोलताबोलता सुरात जात, शब्दांना चाल लागे, बाकांवरची माणसं डोलू लागत, त्यालाही हुइलच म्हणतात. कीर्तनाला रंग चढला असं आपण म्हणतो ना, त्यातलंच ते. इद्वलचे वडील याच चॅपेलमध्ये तसा उपदेश करत. या पानाला हुइल लागतो, एवढंच इद्वलला सांगायचं होतं.

त्यानं वाचायला घेतलं. पहिली दोन घरं साधीच गेली. तिसऱ्या घराच्या नावावर आवाज उचलला गेला, मग उतरेचना. फाटका, घोगरा, पण सुरात. जे वाक्य दोघांना महिनाभर उलगडत नव्हतं, त्यात श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळू लागलं. बुडालेलं एकेक दार देवाच्या दारी उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मेरेरिदला यंत्राचं भानच राहिलं नाही.

वाचून झाल्यावर तिचं लक्ष गेलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद होता.

"इद्वल... मला वाटलं, तू निरोप घेतलास."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पुन्हा पान उलटलं, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

"मी गाढव आहे रे," ती रडू लागली.

"आहेसच," तो कुजबुजला. पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "आता तू म्हण."

"मला कुठलं गाता येतंय?"

त्यानं स्वतः बटण दाबलं.

ती वाचू लागली. आवाज कोरडा, मास्तरिणीचा. तिसऱ्या घरापाशी इद्वलनं एक बोट वर नेलं. तिनं सूर तिथवर न्यायचा प्रयत्न केला, जमला नाही. बोट थांबलं, वाट पाहत राहिलं, मग हळूच आणखी वर गेलं.

त्या भागात मेरेरिदचा अडखळता आवाज आहे, मधूनमधून कुणाचा तरी श्वास आहे. बोट काही ऐकू येत नाही.