अकरा वाजताची ज्योत

तीन वर्षं ती एकाच ज्योतीपुढे बसून होती. नळीतून गॅस वर यायचा, भोवतालची हवा त्याच्या कडेला भिडायची आणि दोघांची गाठ पडे तिथेच जाळ धरायचा. त्या जाळातून लेझरचा कागदासारखा पातळ पट्टा सोडायचा, उजळलेला भाग कॅमेऱ्याने टिपायचा आणि गॅसमध्ये हवा किती मिसळली ते मोजायचं, हे तिचं संशोधन. टेबलाभोवती जाड काळा पडदा होता आणि त्यावर ‘आत येऊ नये’ अशी ठसठशीत पाटी.

रोज अकराच्या सुमाराला मिसळण अचानक दीडपट व्हायची. तिचे मार्गदर्शक, म्हणजे सर, हरखून गेले. त्यांनी या प्रकाराला स्वतःचं आडनाव देऊन टाकलं, लेख धाडला आणि गावोगाव भाषणं ठोकायला निघाले.

सर बाहेर होते त्या आठवड्यात ज्योत अगदी शहाण्यासारखी वागली. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने फोटोंवरच्या वेळा ताडून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. रोज अकराला सर चहा संपवून यायचे, पडदा फर्रकन सारायचे आणि विचारायचे, “काय, कुठवर आलं?”

सर परतल्यावर तिने धीर करून आलेख पुढे ठेवले.

“सर, हा पडद्याचा वारा आहे. तुम्ही नसताना काहीच दिसत नाही.”

“म्हणजे मी नसताना तुम्ही टंगळमंगळ करता!”



पुढे परीक्षकांनी लेख परत पाठवला. दुसऱ्या प्रयोगशाळेत करून दाखवा म्हणाले. त्या प्रयोगशाळेने महिनाभर मोजून कळवलं, असलं काही आढळत नाही.

“त्यांच्या हातात कसब नाही,” सर फणकारले. “मी स्वतः जातो.”

गेले. तिथेही पडदा होताच. सरांनी तो सारून आत डोकं घातलं, “काय, कुठवर आलं?” म्हणाले आणि आकडा टुणकन वर उडाला. तिथल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. लेख छापायला गेला.

तिने त्यावरचं आपलं नाव काढायला लावलं.

“अहो, चालून आलेली कीर्ती कोण सोडतं?” सरांना खरंच कळेना.

“मी,” ती म्हणाली आणि मार्गदर्शक बदलून मिळावा म्हणून अर्ज टाकला.

तो मंजूर व्हायला चार महिने लागले. तेवढ्यात सरांचे दोन सत्कार उरकले. दुसऱ्याला ती गेली होती. जेवण बरं होतं.