भाऊसाहेबांचा उजवा हात

आमच्या नर्सिंग कॉलेजातल्या रबरी पेशंटला मुली भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब श्वास घेतात, कण्हतात, बटण दाबलं की त्यांचा बीपी धाडकन खाली येतो. एवढा सगळा थाट, पण उजव्या हाताला नाडी नाही. आतली वायर तुटली आहे. प्राचार्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "डावा चालतोय ना मॅडम? मग झालं तर."

चालतोय म्हणे! वर्षभर मुली दारातून आल्या की पलंगाला वळसा घालून डावीकडे जातात आणि डाव्याच हाताला बीपीचा पट्टा बांधतात. परीक्षाही तशीच होते.

काल वॉर्डात आमचं 'वादळ', म्हणजे वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी, डायलिसिसच्या एका काकांचा बीपी घ्यायला गेली. काकांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून शीर जोडलेली, डायलिसिसची सुई तिथेच टोचतात. त्या हाताला पट्टा आवळायचा नाही, शीर बंद पडू शकते, हे तिनेच परवा वर्गात घडाघडा सांगितलं होतं. तरी बाई वळसा घालून गेल्या, पट्टा बांधला आणि हवा भरायला लागल्या. काकांचा डोळा लागला होता.

"सोड तो हात!" मी अख्खा वॉर्ड जागा केला.

पट्टा ओढून काढला आणि शिरेवर बोटं ठेवली. ती शीर बोटांना गुरगुरताना लागायला हवी. माझंच काळीज इतकं धडधडत होतं, की काही कळेना. मग लागली. मांजरासारखी गुरगुर, चालू होती.

"ही शीर गेली तर मी गेलो, पोरी," काका म्हणाले.

वादळ रडायला लागलं. "मॅडम, मला सगळं माहीत होतं हो. पायच तिकडे वळले."

तिला काय बोलणार, कपाळ? मला त्या 'झालं तर'चाच असा संताप आला, की तडक लॅबमध्ये गेले आणि भाऊसाहेबांच्या डाव्या हाताची वायरही उपटून टाकली.

प्राचार्य धावत आले. "अहो, आता मुली नाडी बघणार कुणाची?"

"माणसांची."

आज सकाळी भाऊसाहेबांना कोपऱ्यात सारून मीच पेशंट होऊन पलंगावर आडवी झाले आणि वादळाला आत बोलावलं. तिने सवयीने डावीकडे पाऊल टाकलं, मग थबकली.

"काकू, बीपी बघायचाय," ती म्हणाली. "कुठल्या हाताला बांधलेला चालेल?"

वर्षभरात त्या खोलीत हे कुणी विचारलंच नव्हतं.