चिगू बहारोमचा ‘हॅड’

“आणि मग?” कोर्स घेणाऱ्या मिस सेल्वराणींनी विचारलं.

चिगू बहारोम उभेच होते; चिगू म्हणजे मास्तर. इपोह शहरातल्या एका हॉटेलचा हॉल, अंगावर येणारा एसी, आणि गोल टेबलांभोवती बसलेले जिल्ह्याजिल्ह्यांतले इंग्रजीचे मास्तर. बहुतेकांचे केस पिकलेले. इंग्रजी शिकवणाऱ्यांना इंग्रजी येतं का, हे तपासणारी परीक्षा वरून आली होती आणि तिच्यात जे खाली राहिले त्यांना इथे धाडलं होतं. चिगूंनी घरी बायकोला, रोकियाला, मीटिंग आहे म्हणून सांगितलं होतं. बॅग भरताना तिने त्यांचा चांगला बाटिकचा शर्ट आत ठेवला होता, मीटिंगला म्हणून. तो आत्ता त्यांच्या अंगावर होता.

प्रत्येकाने लहानपणाबद्दल एक वाक्य सांगायचं होतं. चिगूंनी सांगितलं होतं, “माय फादर हॅड बीन अ फिशरमन.”

“आणि मग?” बाईंनी पुन्हा विचारलं. त्या वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असतील.

“मग काय,” चिगू म्हणाले, “मग वारले.”

हॉल हसला. बाईही हसल्या, पण लगेच सावरून त्यांनी समजावून सांगितलं. हॅड जुन्या गोष्टीला लागत नाही. दोन गोष्टी घडलेल्या असल्या, की त्यांतल्या आधीच्या गोष्टीला लागतो. तुम्ही आधीची सांगितलीत आणि थांबलात, म्हणून मी दुसरीची वाट बघत राहिले. वडील मासेमार होते एवढंच सांगायचं तर साधं ‘वॉज’ पुरे.

चिगूंनी वाद घातला. इतकी वर्षं शिकवतोय, म्हणाले. नुकतं घडलेलं असेल तर डिड, आणि जे कायमचं गेलं, परत येणार नाही, त्याला हॅड. बाईंनी शांतपणे विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? चिगू पुस्तकाचं नाव आठवू लागले. आठवता आठवता त्यांच्या लक्षात आलं की असं पुस्तकच नाही. तो नियम त्यांचा स्वतःचा होता. ते खाली बसले. शेजारच्या मास्तरांनी न बोलता त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, त्याने त्यांना जास्तच मेल्यासारखं झालं.

खाडीकाठच्या त्या शाळेत ते नवे नवे रुजू झाले होते तेव्हाची गोष्ट. मलय भाषेत क्रियापदाला काळ नसतो. काल जा, आज जा, उद्या जा, जाणं तेच राहतं. एका मुलीने उठून विचारलं, हा हॅड कधी घालायचा? चिगूंना नीट माहीत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते. तोंडात आलं ते त्यांनी सांगून टाकलं: जे कायमचं गेलं, त्याला हॅड. वर्गाला ते चटकन पटलं. कोणाची आजी गेली होती, कोणाची होडी बुडाली होती. सगळ्यांनी भराभर वाक्यं केली. पुस्तकात बघून घेऊ, असं चिगूंनी मनाशी ठरवलं होतं. ते राहून गेलं. पुढल्या वर्षी त्यांनी तोच नियम सांगितला. मग त्याला चाल लागली, टाळ्या लागल्या. ‘नुकतं गेलं डिड, कायमचं गेलं हॅड’ असं पोरं घरी जाताना वाटेने ओरडत जायची. तोवर तो खोटा असू शकतो हे चिगू विसरूनही गेले होते.

कोर्स संपवून गावी परतले आणि त्यांचे कान बिघडले. औषधाच्या दुकानातली मिस कोह, त्यांची जुनी विद्यार्थिनी, रक्तदाबाच्या गोळ्या पुढे करत हसून म्हणाली, “चिगू, आय हॅड टोल्ड यू, नो सॉल्ट.” पोस्टातला क्लार्क म्हणाला, साहेब हॅड गॉन. हे सगळे इतकी वर्षं असंच बोलत होते, आणि ऐकताना चिगूंना बरं वाटायचं. ही माझी मुलं, असं वाटायचं. जुन्या धक्क्यावर फेरीबोट बंद झाल्याची पाटी होती: ‘द फेरी सर्व्हिस हॅड स्टॉप्ड’. परगावचे लोक खेकडे खायला यायचे आणि त्या पाटीपुढे उभं राहून फोटो काढायचे. खाडीचा देखावा काढतात, अशी चिगूंची समजूत होती. आता त्यांना कळलं ते कशाचा फोटो काढतात.

धक्क्यावरची वाट त्यांनी सोडली. मिस कोहशी ते मलयमध्ये बोलू लागले. चिगू माझ्यावर का रागावलेत, असं तिने रोकियाला विचारलं.

त्यातच निवृत्तीचा दिवस आला. गावाने शाळेच्या मैदानात मांडव घातला. तूपभात होता, बीफचं रेन्दांग होतं, अननसाची चटणी होती. पुढल्या रांगेत परगावचे दोन पाहुणे, शिक्षणखात्यातले, टाय लावून बसले होते. भाषणं इंग्रजीत करायची असं जुन्या पोरांनी मुद्दाम ठरवलं होतं; चिगूंचा मान म्हणून. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष इद्रिस, ज्याला चिगूंनी सर्वांत जास्त छड्या मारल्या होत्या, तो माइकपुढे आला आणि घसा खाकरून म्हणाला, “चिगू हॅड लव्हड अस. चिगू हॅड बीटन अस ऑल्सो.” सगळा मांडव हसला, बायकांनी डोळे पुसले. पुढल्या रांगेतला एक पाहुणा शेजाऱ्याच्या कानाशी लागला. दोघांनी माना खाली घातल्या आणि ताटात बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. गावात कोणाच्या लक्षात आलं नाही. इद्रिस बोलतच राहिला, एकामागून एक हॅड, आणि प्रत्येक वेळी चिगूंना वाटलं आपण उठून त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा. त्याला वाचवायला की स्वतःला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांची पाळी आली. आज सांगून टाकायचं असं ते घरून ठरवून आले होते. माइकपुढे उभे राहिले, सगळे चेहरे दिसले, आणि ते मलयमध्ये बोलले. म्हणाले, पोटभर जेवा, आणि माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. निरोप घेताना प्रत्येकजण हे म्हणतोच. त्यामुळे ते कोणाला ऐकूच जाणार नाही हे चिगूंना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ते शब्द निवडले होते. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायाती उरलेल्या रेन्दांगचा डबा घेऊन आली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत खालचे वर्ग शिकवायची, अजून हंगामी होती, आणि आता चिगूंचा वर्ग तिच्याकडे येणार होता. पायरीवर बसत ती फुरंगटून म्हणाली, काल इंग्रजीत का नाही बोललात, सगळे वाट बघत होते.

तेव्हा चिगूंनी तिला सांगितलं. इपोहची मीटिंग कसली होती तेही सांगितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. रोकिया ऐकत असणार, पण आता त्याला इलाज नव्हता.

हायातीने डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, “पिनांगच्या शाळेत मी मुलाखतीला गेले होते, आठवतं?”

“आठवतं.”

“तिथल्या एक बाई माझ्या दर वाक्याला विचारायच्या, आणि मग? आणि मग? मला वाटलं त्यांना माझं बोलणं आवडतंय. मी सांगतच राहिले. घरचं सांगितलं, आईच्या आजारपणाचं सांगितलं. त्या सगळ्या हसत होत्या, तर मी पण हसले.”

चिगूंनी मान वर केली नाही.

“दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तेच केलं मी. पहिल्यांदा कमी बोलले असेन असं वाटलं मला.” तिने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. “चिगू, आणखी काय काय चुकीचं शिकवलंत?”

“ते मला माहीत असतं तर,” चिगू म्हणाले.

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती उठली, चपला घातल्या आणि फाटकापाशी थांबून म्हणाली, “सोमवारी वर्गावर या.”

“येऊन काय सांगू मी त्यांना?”

“सांगू नका काही. मी शिकवीन. तुम्ही बसा नुसते.”

सोमवारी चिगू शेवटच्या बाकावर बसले. बाक लहान होता, गुडघे आडवे करून बसावं लागलं. मुलांनी वळून वळून पाहिलं. त्यांना वाटलं, चिगूंना करमत नसेल. हायातीने फळ्यावर दोन वाक्यं लिहिली आणि हॅड पहिल्यापासून शिकवला. रात्रभर बसून तयारी केली असावी, मध्ये मध्ये ती अडखळत होती, पण बरोबर शिकवत होती. मुलांनी सवयीने टाळ्यांची चाल धरली तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. ते आता म्हणायचं नाही, म्हणाली. ते चूक आहे.

पुढल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मग टीचर, आम्हाला ते कोणी शिकवलं?”

हायातीने चिगूंकडे पाहिलं नाही. खडू खाली ठेवला, बोटं ओढणीला पुसली.

“मी,” ती म्हणाली. “खालच्या वर्गात मीच शिकवलं ना तुम्हाला. माझं चुकलं.”

मुलं तिच्याकडे बघत राहिली. मागून कोणीतरी दबक्या आवाजात हसलं. हायातीचे कान लाल झाले होते, तरी ती तशीच उभी राहिली.

चिगू बाकाला धरून उठले. गुडघा अडकला, बाक करकरला. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

वर्गाची मॉनिटर हुशार होती. चिगू निघाले, हे तिने ताडलं आणि ती ताडकन ओरडली, “स्टँड अप!” सगळे बाक एकदम वाजले. सगळा वर्ग त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि एका सुरात, लांबवून म्हणाला, “थँऽऽक यूऽऽ, टीचर.”

आता खाली बसा म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय मुलं बसत नाहीत. हायाती फळ्यापाशी पाठ करून उभी होती, आणि मुलं हात बांधून, हलायचं नाही म्हणून न हलता, त्यांच्या तोंडाकडे बघत उभीच राहिली.