कोंडातल्या चिंबोऱ्या

फोनवर आलेला आकडा बघितला आणि मुरबाडच्या एसटी स्टँडवर नम्रतानं चक्क उडी मारली. सिद्धगडाखालच्या नदीच्या कोंडात, त्या खोल डोहातल्या चिंबोऱ्यांत युरेनियम! तेही कोंडाच्या पाण्यात नावापुरतं होतं, त्याच्या कितीतरी पट. माती-पाण्यातलं युरेनियम रानातल्या जिवांच्या अंगात किती उतरतं, त्याच्या किरणांचा त्यांना किती धोका, हे शोधायचं तिचं काम. आणि पहिल्याच फेरीत असं घबाड! आता अहवालावर तिचं नाव लागणार होतं.

"उद्याच्या ग्रामसभेत सांगून टाकू," प्रयोगशाळेतले तिचे सर फोनवर म्हणाले. "पक्कं होईपर्यंत कोंडात कुणी उतरायचं नाही. तिथली पाणमांजरं तर या खेकड्यांवरच जगतात, त्यांचंही बघावं लागेल."

तेव्हा कुठे नम्रताला वाडीवरची गंगीमावशी आठवली. तिचं घर चालतं त्या कोंडावरच. चिंबोऱ्या धरायच्या आणि बाजारात विकायच्या. नमुन्याच्या चिंबोऱ्यासुद्धा तिनंच धरून दिल्या होत्या. तिला ग्रामसभेत कळावं? छे! नम्रता तशीच जीपमध्ये चढली.

गंगीनं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले.

"इख? माज्या चिंबोऱ्यांत? गो बाय, जल्मापासून खातेय मी, मला काय धाड भरलीय?"

"मावशी, पाणी साफ आहे, गाळ साफ आहे. मग चिंबोऱ्यांतच कुठून आलं, तेच कळत नाय."

"मंग चल. तुज्यासमोर परत धरते."

आणि गंगी निघालीसुद्धा! कोंडात उतरून तिनं दगडांखाली हात घातला, एकेक चिंबोरी ओढून गोणीत टाकली, गोणीचं तोंड बांधलं आणि ती पाण्यात सोडली. "ऱ्हाऊ दे रातभर. पोटातला गाळ निघून जाऊ दे, तूच बोललीस ना मागं?"

नम्रता बोलली होती खरी. तेव्हाही ती इथंच उभी राहून ही गोणी बघत होती. पण नम्रताही शेतकऱ्याचीच पोर. पावसात डोक्यावर घ्यायच्या खोळीपासून कांदे भरण्यापर्यंत घरात सगळ्याला खताचीच गोणी. रोजच्या वस्तूकडे कोण कशाला बघतंय?

पाण्यात गोणी उलटी झाली. पुसट लाल अक्षरं वर आली. सुपर फॉस्फेट.

"मावशी!" नम्रता अशी किंचाळली की काठावरचा खंड्या भुर्रकन उडाला. "ही खताची गोणी!"

"मंग काय, रेशमाची आणू? धुतलेली हाय."

"अगं, हे खत ज्या दगडाचं करतात, त्यातच मुळात थोडं युरेनियम असतं! शिवणीत भुकटी राहिली आणि चिंबोऱ्या रात्रभर तिच्यात लोळल्या. माझ्या डोळ्यांदेखत!"

तिनं तिथूनच, रेंज येईल त्या दगडावर चढून, सरांना फोन लावला. "सर, ग्रामसभेत काही बोलू नका! चूक माझी आहे. नमुने परत घेते."

"आणि तुझा अहवाल?"

"बोंबलला, सर!" ती आनंदानं ओरडली.

नव्या चिंबोऱ्या स्वच्छ टोपात ठेवून तपासायला गेल्या. निकाल आला तो थेट पाण्यासारखाच साफ. नम्रता धावतच वाडीवर पोचली. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणाऱ्या गंगीनं पदरानं डोळे पुसले.

"म्हंजी कोंड माजाच?"

"तुझाच. आणि पाणमांजरांचा."

गंगी तरातरा आत गेली आणि वळवळत्या चिंबोऱ्यांचं गाठोडं घेऊन आली. "आयेला ने. रस्सा कर म्हणावं."

नम्रतानं हात पुढं केला आणि बघतच राहिली. गाठोडं गोणीचंच, वर तीच लाल अक्षरं.

"मावशी!"

"काय गो वरडतेस? या टायमाला दोनदा धुतलीय."