दादाने ओळखलेला तारा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मला एक जन्मखोड आहे. माझ्या सेन्सरचा एक कण बिघडलेला आहे. अंधारात डोळा बराच वेळ उघडा ठेवला, की तो आपोआप पेटतो आणि फोटोत लाल ठिपका उमटतो.

उमेदीची वर्षं मी नाटकांचे फोटो काढणाऱ्या दादाकडे काढली. मंद उजेडात नटांच्या गालावर पडलेला माझा ठिपका तो घरी बसून पुसून टाकी. पुढे नवा कॅमेरा आला आणि त्याने मला धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारलं. खोडीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. घरात आपल्याखेरीज कुणाचं कौतुक झालेलं त्याला खपत नसे.

बहीण दवाखान्यात रक्त तपासायची. आकाशाचे फोटो ती नव्यानेच शिकत होती. गच्चीवर, ताऱ्यांबरोबर सावकाश फिरणाऱ्या तिवईवर ती मला बसवी, आकाशाच्या एकाच तुकड्याचे ढीगभर फोटो काढी आणि संगणकावर ते एकावर एक रचून त्यांचा एक फोटो करी. खरे तारे प्रत्येक फोटोत असतात, म्हणून ते उजळतात. बाकीची कचकच विरून जाते. शेवटी झाकण लावून थोडे काळे फोटोही काढायचे असतात. त्यांत कॅमेऱ्याची खोड तेवढी दिसते आणि ती वजा करता येते. हे तिने वाचलं होतं. तिने दादाला विचारलं.

"झाकण लावून कसले फोटो काढतेस? माझ्या हाताखालचा कॅमेरा आहे तो."

तिने विश्वास ठेवला. माझा ठिपका प्रत्येक फोटोत जागच्या जागी होता, त्यामुळे तोही ताऱ्यासारखा झळकला. ताऱ्यांच्या नकाशात तिथे काहीच नव्हतं. आपल्याला नवा तारा सापडला, अशी तिची खात्रीच झाली. आकाशदर्शन मंडळात तिला अजून कुणी विचारत नव्हतं, आता विचारतील असं तिला वाटलं. दादाने ठिपका पाहताक्षणी ओळखला आणि म्हणाला, "दाखव की सगळ्यांना."

मंडळात टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत दादा पहिल्या रांगेत शांत बसला. मग उठून म्हणाला, "हा तारा मी नाटकातल्या राजाच्या गालावरून कितीदा पुसलाय."

सगळे पोट धरून हसले. तिनेही हसून पाहिलं, पण तिला ते जमलं नाही. मला तोंड असतं, तर त्याला तिथेच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

आता गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायलाही ती आईला पाठवते. मी कपाटात पडून आहे.

मित्रांनो, वस्तू कुणाला देताना तिची खोडही सांगून द्या. जे झाकण तेव्हा घटकाभर लावलं असतं तरी पुरलं असतं, ते आता माझ्या डोळ्यावरून कधीच निघत नाही.